बाहुल्यांचा सण

जपानमध्ये दरवर्षी ३ मार्च रोजी मुलींचा एक सण साजरा होतो. त्यास 'हिनामात्सुरी', म्हणजे बाहुल्यांचा उत्सव, असे म्हणतात. पूर्वी हा सण जुन्या पंचांगातील तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, पीचची झाडे बहरली असता येत असे. १८७३ साली जपानने नवी कालगणना स्वीकारली. परंतु सणाच्या दिवशी घरात पीचची फुले ठेवण्याची रीत टिकून राहिली.

या सणाचे मूळ फार जुने आहे. प्राचीन काळी जपानी लोक कागदाची बाहुली करीत, ती अंगावरून फिरवीत आणि नदीत सोडून देत. माणसावर येणारे आजार व संकटे बाहुली स्वतःवर घेते आणि पाण्याबरोबर दूर निघून जाते, अशी त्यांची श्रद्धा होती. तोत्तोरी प्रांतातील मोचिगासे या गावी मुली आजही पेंढ्याच्या चकतीवर कागदी बाहुल्यांची जोडी ठेवून ती नदीत सोडतात.

पुढे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत, कुशल कारागीर सुंदर बाहुल्या घडवू लागले. तेव्हा त्या घरात मांडून ठेवण्याची चाल पडली. संपूर्ण आरास सात पायऱ्यांची असते. पायऱ्यांवर लाल कापड अंथरतात. सर्वांत वर सोनेरी पडद्यापुढे सम्राट व सम्राज्ञी विराजमान होतात. त्यांच्या खाली तीन दासी, मग पाच गायक-वादक, त्याखाली दोन मंत्री आणि पाचव्या पायरीवर तीन सेवक. या सेवकांपैकी एक हसरा, एक रडवा व एक रागीट असतो! शेवटच्या दोन पायऱ्यांवर पेट्या, आरसा, पालखी, बैलगाडी अशा चिमुकल्या वस्तू मांडतात. या बाहुल्या खेळण्यासाठी नसतात. कित्येक घरांत त्या आईकडून मुलीकडे येतात. सण संपताच त्या काळजीपूर्वक पेटीत ठेवतात. त्यांस विलंब झाला, तर मुलीच्या विवाहासही विलंब होतो, असा समज आहे.

सणाला गुलाबी, पांढरे व हिरवे थर असलेली तांदळाची वडी करतात. शिंपल्यांचे सारही करतात. एका शिंपल्याचे दोन भाग परस्परांशीच जुळतात, इतरांशी नाही. म्हणून शिंपला हे सुखी संसाराचे चिन्ह मानतात.

या सणाशी एक हृद्य घटना निगडित आहे. १९२४ साली अमेरिकेने एका कायद्याने जपानी लोकांस आपल्या देशात स्थायिक होण्याची बंदी केली. दोन्ही देशांत कटुता वाढली. तेव्हा जपानमध्ये अनेक वर्षे राहिलेले सिडनी ग्युलिक यांनी मुलांच्या द्वारे स्नेह जोडण्याचे ठरविले. १९२७ सालच्या सणासाठी अमेरिकन मुलांनी बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानला धाडल्या. त्याच वर्षी जपाननेही ५८ बाहुल्या परत भेट पाठविल्या.

पुढे दोन्ही देशांत युद्ध पेटले. शत्रूच्या बाहुल्या म्हणून जपानमध्ये पुष्कळ बाहुल्या जाळण्यात आल्या. तथापि काही शिक्षकांनी व इतर माणसांनी धोका पत्करून त्या लपवून ठेवल्या. अशा तीनशेहून अधिक बाहुल्या वाचल्या. बाहुली मुलांचे रक्षण करते, असे मानणाऱ्या त्या देशात संकटकाळी माणसांनीच बाहुल्यांचे रक्षण केले.