काळ्या कातळाचा चुंबकी आकडा

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातला हेमेटाइटचा खडा आणि सह्याद्रीच्या घाटात रस्त्याकडेला पडलेला काळ्या पाषाणाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवले, तर लोखंड कशात जास्त हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. गोव्याचा खडा हातात घेताच जड लागतो. शुद्ध हेमेटाइटच्या वजनात सुमारे ७० टक्के लोह असतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते १० टक्क्यांच्या आसपास. पण या दोन्ही दगडांना ससेप्टिबिलिटी मीटर टेकवला की क्रम उलटतो. बेसाल्टवर आकडा तीस-चाळीसपर्यंत सहज चढतो, आणि शुद्ध हेमेटाइटवर तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी खाली राहतो.

यंत्र बिघडलेलं नसतं. दगडात लोखंड किती, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. बाहेरून एखादं क्षीण चुंबकीय क्षेत्र लावलं तर दगड स्वतः किती चुंबकित होतो, एवढंच ते मोजतं. या गुणाला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. तिचं उत्तर ठरतं ते लोहाचे अणू खनिजात कसे मांडलेले आहेत यावर. हेमेटाइटमध्ये शेजारच्या अणूंचं चुंबकत्व एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारून टाकतं. मॅग्नेटाइटमध्ये ते तसं पुरतं मरत नाही, बराच भाग शिल्लक उरतो. बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण विखुरलेले असतात. खडकात त्यांचा वाटा थोडाच असतो, पण आकडा जवळपास सगळा त्यांचाच असतो.

आकडा म्हणजे काय, तेही इथेच पाहायला हवं. एसआय पद्धतीत या राशीला एककच नाही, ती निव्वळ संख्या आहे. खडकांत ती इतकी लहान असते की मीटरच्या पडद्यावर ती बहुधा हजाराव्या भागांत दाखवतात. ‘तीस’ म्हणजे ०.०३०. खडकाच्या आकारमानात एक टक्का मॅग्नेटाइट असेल तर आकडा ढोबळमानाने तीसच्या वर जातो, हा क्षेत्रकाम करणाऱ्यांचा नेहमीचा ठोकताळा. उलट टोकाला शुद्ध संगमरवर किंवा पांढरी गारगोटी. तिथे आकडा शून्याच्या किंचित खाली, उणे दिसतो. नवखा विद्यार्थी यंत्र झटकून पाहतो, पण कॅल्साइट आणि क्वार्ट्झ खरोखरच बाहेरच्या क्षेत्राला अगदी सूक्ष्म विरोध करतात. जुन्या अहवालांतले आकडे मात्र सीजीएस पद्धतीचे असू शकतात. त्यांना ४π ने, म्हणजे सुमारे १२.५७ ने गुणल्याशिवाय आजच्या आकड्यांशी त्यांची तुलना करता येत नाही. एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळल्या की बेसाल्टचा ग्रॅनाइट आणि ग्रॅनाइटचा चुनखडक व्हायला वेळ लागत नाही.

यंत्र मुठीत मावण्याजोगं असतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात बनणारं एसएम-३० आणि कॅनडातल्या टेराप्लस कंपनीचं केटी-१० ही त्यातली सर्रास वापरली जाणारी नावं. दोन्ही अर्ध्या किलोपेक्षा हलकी. पुढच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला सुमारे आठ ते दहा हजार आवर्तनं करणारा प्रवाह खेळतो. वेटोळं खडकाजवळ नेलं की त्याचं प्रेरकत्व किंचित वाढतं आणि आंदोलनांची गती किंचित मंदावते. हा फरक विलक्षण लहान असतो. नुसत्या उन्हात यंत्र तापल्यानेही तेवढा फरक पडू शकतो. म्हणून मोजमाप तीन टप्प्यांत होतं: आधी यंत्र हवेत धरायचं, मग खडकाला टेकवायचं, मग पुन्हा हवेत. हवेतल्या दोन वाचनांवरून यंत्र स्वतः किती सरकलं ते कळतं आणि तेवढं वजा होतं. सगळं मिळून काही सेकंद.

या काही सेकंदांत चुकायला मात्र भरपूर वाव आहे, आणि वाचनाची सगळी प्रतिष्ठा तिथेच ठरते. वेटोळ्याला खडकाचा वरचा दोनेक सेंटिमीटरचाच थर खऱ्या अर्थाने दिसतो. वर गंजलेली, भुसभुशीत साल असेल तर वाचन सालीचं होतं. पृष्ठभाग खडबडीत असेल तर चकती आणि दगड यांच्यामध्ये हवा राहते, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून हातोड्याने ताजा, शक्य तितका सपाट चेहरा काढायचा आणि मग तो हातोडा चार पावलं लांब ठेवायचा. मनगटावरचं घड्याळ, लोखंडी कडं, खिशातला मोबाइल, चौथऱ्यातली सळई ही सगळी वाचनात घुसतात. नमुना अंगठ्याएवढा पातळ असेल किंवा वेधनातून काढलेला गोल गाभा असेल, तर जाडीची आणि गोलाईची दुरुस्ती लावावी लागते. आणि एका वाचनावर कधीच थांबायचं नाही. एकाच उघड्या कातळावर हातभर अंतराने घेतलेली वाचनं दुपटीने वेगळी येऊ शकतात, कारण मॅग्नेटाइट खडकात समान पसरलेलं नसतं. आठ-दहा वाचनं घेऊन ती सगळी वहीत लिहावीत. सरासरी काढून बाकीची खोडून टाकणाऱ्याने निम्मी माहिती फेकलेली असते, कारण आकडे किती पसरले आहेत हाही खडकाचाच गुणधर्म आहे.

इतक्या साध्या आकड्यातून किती दूरवर पोचता येतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण जपानचं आहे. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले शुन्सो इशिहारा यांनी १९७७ साली ग्रॅनाइटांची एक नवी विभागणी मांडली. ग्रॅनाइट डोळ्यांना बहुधा सारखेच दिसतात: करडे, गुलाबी, ठिपक्यांचे. इशिहारांनी पाहिलं ते त्यातलं ०.१ टक्क्याच्या आगेमागे असणारं मॅग्नेटाइट. ते असलेले एका मालिकेत, आणि नसलेले, म्हणजे ज्यांत फक्त इल्मेनाइट हे खनिज आहे, ते दुसऱ्या. मीटरच्या भाषेत ही सीमा तीनच्या आसपास पडते. नकाशावर ठिपके मांडल्यावर दिसलं की जपान समुद्राच्या बाजूच्या सानइन पट्ट्यात मॅग्नेटाइटवाले ग्रॅनाइट आहेत आणि त्यांच्या सोबत मॉलिब्डेनम. दक्षिणेकडच्या सान्यो पट्ट्यात इल्मेनाइटवाले, आणि त्यांच्या सोबत टंगस्टन.

यामागचं कारण शिलारसातल्या ऑक्सिजनच्या हिशेबात आहे. ऑक्सिजनची उपलब्धता जास्त असेल तर लोहाचा काही भाग मॅग्नेटाइट म्हणून बाहेर पडतो. वर येताना शिलारसाने कार्बनयुक्त गाळाचे खडक पोटात घेतले, तर तो कार्बन ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि मॅग्नेटाइट बनतच नाही. ऑक्सिजनच्या याच हिशेबावर धातूंचं नशीबही अवलंबून असतं. ऑक्सिजन कमी असलेल्या शिलारसात कथील कुठल्याही खनिजात अडकून न पडता शेवटपर्यंत द्रवात राहतं आणि अखेरच्या थेंबांत साचतं. ऑक्सिजन जास्त असला तर गंधक सल्फेटच्या रूपात विरघळलेला राहतो, आणि तांब्याला सल्फाइडमध्ये लवकर अडकवून ठेवायला कुणी उरत नाही. म्हणजे हातातल्या यंत्रावर तीनपेक्षा कमी दिसलं तर कथील-टंगस्टनचा विचार करायचा, आणि बरंच जास्त दिसलं तर तांबं-मॉलिब्डेनमचा. हा संकेत आहे, हमी नव्हे. ग्रॅनाइट नंतर गरम पाण्याने कुजला असेल तर मूळचं मॅग्नेटाइट नष्ट झालेलं असतं आणि आकडा दिशाभूल करतो. मजा अशी की सोन्याच्या शोधात हीच नासाडी उपयोगी पडते. धातू वाहून आणणाऱ्या उष्ण पाण्याने खडकातलं मॅग्नेटाइट पायराइटमध्ये बदललं असेल, तर शिरेजवळ जाताना आकडे पायरी-पायरीने उतरत जातात, आणि वेधनाच्या गाभ्यावरून मीटर फिरवणाऱ्याला ती उतरण कागदावर दिसते.

खाणीपासून खूप दूर, रोमन साम्राज्याच्या अवशेषांतही हे यंत्र पोचलं आहे. ओल्वेन विल्यम्स-थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली रोमन काळातल्या ग्रॅनाइटच्या खांबांचं मूळ शोधण्यासाठी ते वापरलं. रोमनांनी इजिप्तच्या पूर्व वाळवंटातल्या मॉन्स क्लॉडियानसच्या खाणीतून, अस्वानहून, तुर्कस्तानातल्या त्रोआदहून आणि भूमध्य समुद्रातल्या बेटांवरून खांब आणले. खांबांचे ढलपे काढून प्रयोगशाळेत नेणं म्हणजे वारशाची मोडतोड. पण मीटर टेकवल्याने खांबाला ओरखडाही उठत नाही. आधी खाणींमध्ये जाऊन तिथल्या खडकांचे आकडे गोळा करायचे, मग खांबांवरचे आकडे त्यांच्याशी ताडायचे, आणि सोबत डोळ्यांनी दिसणारी खनिजं तपासायची. दोन खाणींचे आकडे एकमेकांत मिसळतात तिथे ही पद्धत एकटी पुरत नाही, पण अनेक खाणी यादीतून वगळता येतात. पुरातत्त्वात असं वगळणंही मोठं काम असतं.

उल्कापाषाणांच्या बाबतीत तर या यंत्राची बाजू आग्रहाने मांडायला हवी. आकाशातून पडलेला दगड ओळखायचा म्हणजे त्याला लोहचुंबक लावायचा, ही सवय जगभर आहे. महाराष्ट्रात ती आणखीच फसवी आहे, कारण जोरदार चुंबकाला इथला साधा काळा दगडही ओढ दाखवतो. पण फसगतीहून मोठं नुकसान वेगळंच आहे. कित्येक उल्कापाषाणांत ते जिथे जन्मले तिथल्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद गोठलेली असते. तळहातावरचा शक्तिशाली चुंबक ती एका स्पर्शात पुसून टाकतो. सहारात सापडलेला, मंगळावरून आलेला ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाचा दगड याचं दुःखद उदाहरण. त्यातले काही स्फटिक ४०० कोटी वर्षांहून जुने आहेत. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र कधी होतं, याचा साक्षीदार होण्याची त्याची योग्यता होती. फोतेइनी वेर्वेलिदू, बेंजामिन वाइस आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की त्याच पाषाणाच्या तुकड्यांवरची मूळ नोंद विक्रेत्यांच्या आणि संग्राहकांच्या चुंबकांनी नष्ट केली आहे. ससेप्टिबिलिटी मीटरचं क्षेत्र इतकं क्षीण असतं की ते अशा नोंदीला धक्का लावत नाही. आणि उत्तरही चुंबकापेक्षा नेमकं मिळतं. सामान्य कॉन्ड्राइट जातीच्या उल्कापाषाणांत एच, एल आणि एलएल असे गट धातुरूप लोहाच्या प्रमाणावरून पडतात, आणि ग्रहणशीलताही त्याच क्रमाने घटते. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोल परिसरात पडलेला उल्कापाषाण एल गटातला. पुढच्या वेळी असा वर्षाव झाला तर गावकऱ्यांनी आणि हौशी शोधकांनी खिशातला चुंबक खिशातच ठेवावा, एवढीच विनंती आहे.

एवढं असूनही या आकड्याला दिसत नाही असं बरंच काही दगडात असतं. मीटर मोजतो ते बाहेरचं क्षेत्र असेपर्यंत टिकणारं चुंबकत्व. लाव्हा थंड होताना, साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली, मॅग्नेटाइटमध्ये त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा कायमची गोठते. ते चुंबकत्व वेगळं, आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते कित्येकदा मीटरने मोजलेल्या चुंबकत्वापेक्षा जोरकस असतं. विमानातून घेतलेल्या चुंबकीय नकाशांचा अर्थ लावताना केवळ ग्रहणशीलतेचे आकडे घातले, तर दख्खनच्या पठारावर गणित चुकतं ते यामुळेच.

सह्याद्रीच्या कड्यात खालचे बरेचसे लाव्हाथर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असतानाच्या काळातले आहेत, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ती दिशा पालटते. दोन्हीकडच्या दगडांना मीटर टेकवा, आकडे सारखेच येऊ शकतात. गोठलेल्या दिशेसाठी खडकातच उत्तर दिशा आणि उतार खुणावून गाभा कापून काढावा लागतो आणि प्रयोगशाळेत मॅग्नेटोमीटरवर मोजावा लागतो. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या ब्रिटनच्या संशोधकांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडांवर हेच केलं. भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे खंडांच्या सरकण्यावर अजून वाद चालू असताना त्यांच्या मोजमापांतून पुढे आलं.

अशा कामात ग्रहणशीलतेचा मीटर सोबत असतोच, कारण कुठला थर मॅग्नेटाइटने समृद्ध आहे आणि कुठला ऑक्सिजनने गंजून हेमेटाइटकडे झुकला आहे, हे गाभा कापण्याआधीच तो सांगतो. एक गोष्ट मात्र त्याला मुळीच कळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यांवर, उघड्या सड्यांवर वीज पडते तेव्हा विजेचा प्रवाह कातळाला नव्याने, अनियमितपणे चुंबकित करून जातो. तिथे होकायंत्राची सुई पावलागणिक भरकटते, आणि ससेप्टिबिलिटीचा आकडा मात्र नेहमीसारखाच येतो. म्हणून दिशेचे नमुने शक्यतो माथ्यावरून घेत नाहीत. घाटरस्त्याच्या खोल कापांतून किंवा दगडखाणीच्या तळातून घेतात.