एका अक्षरासाठी कोटी प्रती

जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नाही, कारण नळीतलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. भिलाईतल्या एका प्रयोगशाळेत सिकलसेलची, इकडे ज्याला सिकलिन म्हणतात त्या आजाराची, डीएनए तपासणी मी शेजारी उभं राहून पाहिली. तंत्रज्ञ बाईंचा बराच वेळ हेच ईडीटीए धुऊन काढण्यात गेला. ते मॅग्नेशियमही धरून ठेवतं, आणि डीएनएची प्रत काढणारं पॉलिमरेज हे विकर मॅग्नेशियमवाचून कामच करत नाही. रक्ताला लाल रंग देणारं हीमही त्याच्या आड येतं. म्हणून लाल पेशी आधी फोडून टाकायच्या. त्यांत केंद्रक नसतं, डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. आजार लाल पेशींचा, पण त्याचा पुरावा पांढऱ्या पेशींत शोधायचा.

शोधायचं असतं एकच अक्षर. बीटा ग्लोबिनच्या जनुकात सहाव्या जागी ‘जीएजी’ हवं, तिथे ‘जीटीजी’ असतं. एवढ्याने ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन दांड्यांसारखं गोळा होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. छत्तीसगड आणि विदर्भात हा आजार घरोघरच्या ओळखीचा आहे. मोठ्या माणसांत तो हिमोग्लोबिनच्या साध्या इलेक्ट्रोफोरेसिसने कळतो. पण आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता 25 टक्के असते, आणि गर्भाचं बहुतेक हिमोग्लोबिन वेगळ्याच प्रकारचं असल्याने तिथे डीएनएच वाचावा लागतो, आणि त्यासाठी आधी त्याच्या प्रती काढाव्या लागतात.

पेशी दुभंगण्याआधी आपल्या सहाशे कोटींहून अधिक अक्षरजोड्यांची प्रत साधारण आठ तासांत काढते. पॉलिमरेज सेकंदाला जेमतेम पन्नास अक्षरं जोडतं, म्हणून काम एकाच वेळी हजारो ठिकाणी सुरू होतं. हेलिकेज दोन धागे सोडवत पुढे जातं. वळलेल्या सुंभाचे पदर ओढून वेगळे केले की पुढचा पीळ आवळत जातो, तसंच इथेही होतं. मग टोपोआयसोमरेज धागा कापून पीळ सोडतं आणि तो पुन्हा जोडतं. पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही, म्हणून प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा बसवून देतं. शिवाय पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं. त्यामुळे एका धाग्याची प्रत सलग होते आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे जपानच्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने 1960च्या दशकात दाखवून दिले. ते सांधतं लिगेज. चुकीचं अक्षर बसलं तर पॉलिमरेज मागे येऊन ते काढतं, त्यातूनही निसटलेल्या चुका नंतर दुरुस्त होतात, आणि शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच उरते. ‘जीटीजी’ ही अशीच पूर्वी कधीतरी उरलेली चूक. तिची एकच प्रत असलेल्या वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

प्रयोगशाळेत अशाच प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात हे सगळं मनुष्यबळ लागत नाही. 95 अंशांची उष्णता धागे सोडवते, सुरुवातीचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, तयार विकत मिळतात, आणि हवा असलेला तुकडा इतका छोटा असतो की सांधायला काही उरत नाही. लागतं फक्त पॉलिमरेज. ते उणे वीस अंशांत ठेवलेलं होतं. बाईंनी ते सर्वांत शेवटी, बर्फावरच्या नळीत घातलं. ग्लिसरॉलमुळे तो थेंब जड होऊन तळाशी जाताना दिसला. हे टॅक विकर यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं, म्हणून उकळीजवळच्या तापमानातही टिकतं. कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना 1983 साली सुचली, आणि 1985 साली तिच्यावरचा पहिला शोधनिबंध आला तो सिकलसेलच्याच निदानावर. तेव्हा पीसीआरमध्ये टॅक वापरत नसत, तापवताना विकर मरायचं आणि दर फेरीला नवं घालावं लागायचं.

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या. एकीतल्या प्रायमरचं शेवटचं अक्षर निरोगी जनुकाशी जुळतं, दुसरीतलं सिकलच्या. टोक जुळलं नाही तर प्रत पुढे सरकत नाही. मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते हे की ही तपासणी टॅकच्या उणेपणावर उभी आहे. पेशीतल्या पॉलिमरेजसारखं ते मागे येऊन चूक काढू शकत नाही. काढता आली असती, तर न जुळणारं टोक छाटून दोन्ही नळ्यांत प्रती झाल्या असत्या आणि निदानच झालं नसतं.

तीस फेऱ्यांनी एका तुकड्याच्या, हिशेबाने, 107 कोटी प्रती होतात. मग त्या जेलवर चालवल्या की पट्टे उमटतात. पहिल्याच नळीचा पट्टा आला तर निरोगी, दोन्हींचा आला तर वाहक, दुसऱ्याच नळीचा आला तर रुग्ण. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत पट्टा दिसला, तर अख्खी खेप फेकायची.

रुग्णाच्या लाल पेशी 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसच जगतात. भरपाईसाठी अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी, म्हणजे डीएनएच्या नव्या प्रती, काढाव्या लागतात. त्यातलं ‘टी’ अक्षर घडवायला फॉलिक अॅसिड लागतं, म्हणून त्याची गोळी. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल उलट डीएनएची अक्षरं पुरवणारं विकर अडवते. प्रती काढण्याचा वेग मंदावला की मज्जेत गर्भातल्यासारखं हिमोग्लोबिन वाढतं, आणि ते दांड्या होऊ देत नाही. पण हा लगाम पांढऱ्या पेशींनाही बसतो. म्हणून कॅप्सूल चालू असेपर्यंत रक्ताची मोजणी ठरावीक काळाने करत राहायची, आणि आकडे फार खाली गेले तर डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात.