महाविद्यालयातील आग आणि बंब येण्यापूर्वीचा वेळ

तेरेखोल हे गोव्याचे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहे. पेडण्याहून तेथे जायचे तर केरीला फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते, नाहीतर किरणपाणी-आरोंदा पुलावरून महाराष्ट्रातून वळसा घ्यावा लागतो. अशा ठिकाणी आग लागून १०१ क्रमांकावर कळविले, तर बंब निघेल यात शंका नाही. तो केव्हा पोहोचेल हा प्रश्न आहे. गजबजलेल्या भागातही हीच अडचण येते. बार्देशातील हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण मरण पावले. अरुंद वाटेमुळे बंब दारापर्यंत जाऊ शकले नव्हते. मृतांपैकी बहुतेक जण धुराने गुदमरले होते.

तात्पर्य, विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याचे काम अग्निशमन दलाचे नसून त्या वेळी वर्गावर असलेल्या शिक्षकाचे आहे.

यासाठी धुराचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तापलेला धूर वर चढतो आणि उघडा जिना त्याला धुराड्यासारखा उपयोगी पडतो. त्यामुळे आग तळमजल्यावर असली तरी सर्वाधिक धोका वरच्या मजल्याला असतो. सुरतेतील तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी नेमके हेच घडले. वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेल्या मुलांचा खाली येण्याचा मार्ग बंद झाला, कित्येकांनी उड्या मारल्या आणि २२ जीव गेले. धुरात सापडल्यास वाकून, जमिनीलगत चालावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच उरते. लिफ्ट वापरू नये. जिन्यातच धूर भरला असेल, तर वर्गात परत यावे, दार लावून फटीत ओले कापड भरावे आणि खिडकीतून हाक द्यावी.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) शैक्षणिक इमारतीचा जिना किमान दीड मीटर रुंद हवा. आपल्याकडे जिना बहुधा रुंद असतो, पण त्याखाली मोडकी बाके रचलेली असतात. मागच्या चॅनेल गेटला कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या खिशात! संगणक कक्षाच्या आणि नमाजच्या खोलीच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पन्नास विद्यार्थी एकदम बाहेर पडताना पहिला त्यातच अडखळेल.

अग्निशामक नळकांडे प्रत्येक शिक्षकाला वापरता आले पाहिजे; मात्र आग कचरापेटीएवढी असेल आणि बाहेरचे दार आपल्या पाठीशी असेल तरच. विजेच्या उपकरणावर पाणी मारू नये.

कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेतील आगीत ९४ बालके दगावली. त्या घटनेवरून झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तरीही अनेक संस्थांतील सराव म्हणजे छायाचित्रासाठी मैदानात पेटविलेला टायर. खरा सराव तासिका चालू असताना, एक जिना मुद्दाम बंद ठेवून घ्यावा. शिक्षकाने हजेरीपट सोबत न्यावा आणि मैदानात नावे पुकारावीत. चालण्यास असमर्थ विद्यार्थ्याला कोणी उचलायचे, ती दोन नावे वर्ष सुरू होतानाच ठरवावीत. त्यांपैकी एक जण गैरहजर असेल, त्या दिवसासाठी तिसरे नावही हवे.