मुशी आणि माडावरचा कोळी

गेल्या मोसमात आमच्या परसातील माडाचे कोवळे नारळ गळू लागले, तेव्हा त्यांतील एकाच्या देठाजवळच्या पाकळ्या उचलून आम्ही तो जोरदार भिंगाखाली धरला. पांढुरक्या त्रिकोणी डागावर सूक्ष्म जीवांची दाटी होती. हाच नारळावरील कोळी. लांबी मिलिमीटरच्या चतुर्थांशाहून अधिक नाही. गोत्र अष्टपादांचे, पण पाय चारच! मेक्सिकोतील गेरेरो प्रांतावरून त्याचे नामकरण १९६५ साली झाले. भारतात तो १९९८ साली केरळात आढळला व पुढे कोकणातील वाड्यांतही शिरला.

योगायोग असा की, त्याच सुमारास ग्रीनलंडच्या मुशीची हकीकत आमच्या वाचनात आली. ही उत्तर अटलांटिक व आर्क्टिकच्या थंडगार पाण्यात, प्रसंगी दोन हजार मीटरांहूनही खोल संचार करते. मुशीचा सांगाडा कूर्चेचा असतो. मग तिचे वय मोजावे कसे? नील्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याचे भिंग निवडले. भिंगाचा गाभा जन्मापूर्वीच घडतो व पुढे पालटत नाही. त्यातील किरणोत्सारी कार्बनावरून जन्मकाळाचा अदमास करता येतो. अशा २८ माद्या तपासून त्यांनी २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांत मोठी, पाच मीटर लांबीची मादी सुमारे ३९२ वर्षांची निघाली. चूक इकडेतिकडे १२० वर्षांची. कमीत कमी २७२ धरली, तरी थोरले बाजीराव १७४० साली निवर्तले त्या सुमारास ती जन्मली असावी!

परंतु आमचे मन गुंतले ते दुसऱ्याच आकड्यात. ही मादी प्रसवयोग्य होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागतात. कोळ्याची पिढी उष्ण हवेत दहा-बारा दिवसांत पुरी होते. दहा दिवसांचा हिशेब धरला, तर मुशीच्या बालपणात कोळ्याच्या साडेपाच हजार पिढ्या होऊन जातात. म्हणून निंबतेल, लसूण व साबण यांचे मिश्रण फवारून आम्ही हजारो कोळी मारले, तरी पाकळ्यांआड उरलेले पुन्हा झाड भरून टाकतात. उलट मुशी एकेकाळी यकृताच्या तेलासाठी मारली जाई, आणि आजही इतर मासळीबरोबर जाळ्यात सापडते. अशी एक मादी गेली की तिच्या जागी दुसरी प्रसवक्षम होण्यास पाच-सहा मानवी पिढ्या जाव्या लागतात.

माडावर पुढली फवारणी आम्ही येत्या पंधरवड्यात करणार आहोत.