कळ ‘एस’ची की ‘स’ची?
शॉर्टकटच्या मराठी नावांचा घोळ

सातारा-सांगली : ‘मजकूर जतन करण्यासाठी कंट्रोल आणि स या कळा दाबा’, असे वाक्य एखाद्या मराठी माहितीपुस्तिकेत छापले गेले, तर वाचणाऱ्याने नेमकी कोणती कळ दाबावी? इनस्क्रिप्ट मांडणीच्या कळफलकावर इंग्रजी एसच्या कळेवर एकाराची मात्रा असते. ‘स’ हे अक्षर असते एमच्या कळेवर. वर्डमध्ये कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या, की परिच्छेद डाव्या समासापासून आत सरकतो. जतन काहीच होत नाही. सूचना तंतोतंत पाळणाऱ्याचेच लिखाण अशा वेळी वीज जाताच नाहीसे होण्याची भीती असते.

दोष वाचणाऱ्याचा नाही. एकाच कळेला दोन नावे आहेत आणि पुस्तिकेने कोणते वापरले, हे सांगितलेले नाही. इनस्क्रिप्टची मांडणी १९९१च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. परंतु टंकलेखन संस्थांतून शिकलेल्यांच्या बोटांना रेमिंग्टन मांडणीची सवय असते आणि तिथे ‘स’ निराळ्याच जागी सापडतो. शॉर्टकट मात्र अक्षराशी नव्हे, कळेशी बांधलेला असतो. म्हणून मराठी पुस्तिकेत ‘एस’, ‘एम’ अशी कळेची इंग्रजी नावेच देवनागरीत लिहावीत आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तशीच ठेवावीत, हे उत्तम.

इंग्रजी पुस्तिकाही या घोळातून सुटलेल्या नाहीत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे. लिनक्सकडे वळणाऱ्या कुणालाही ईमॅक्स आणि व्हीआय ही दोन जुनी संपादन-साधने भेटतातच. ईमॅक्सचा जन्म १९७०च्या दशकातला, अमेरिकेतील एमआयटी संस्थेतला. त्याच्या पुस्तिकेत कंट्रोलसाठी नुसते ‘सी’ हे अक्षर व पुढे आडवी रेघ असते, तर आजच्या कळफलकावरील ऑल्टला ‘मेटा’ म्हटले जाते. त्या नावाची कळ सामान्य कळफलकावर शोधूनही सापडत नाही! कापण्याला तिथे ‘किल’ आणि चिकटवण्याला ‘यँक’ असे शब्द आहेत. जतन करायचे तर कंट्रोल-एक्स आणि त्यामागोमाग कंट्रोल-एस. दुसऱ्या वेळी कंट्रोल दाबायचा राहिला, तर आज्ञाच बदलते. व्हीआयमध्ये कुणी सवयीने कंट्रोल-एस दाबले, तर पुष्कळदा टर्मिनलचा पडदाच गोठतो. कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत यंत्र बंद पडल्याचा भास होतो.

अशा ठिकाणी पुस्तिकेतील एकेका चिन्हाला वजन येते. अधिकचे चिन्ह असेल तर कळा एकत्र दाबायच्या. स्वल्पविराम असेल तर एकीमागून एक. ‘दाबा’, ‘दाबून ठेवा’ आणि ‘टाइप करा’ या तीन क्रिया तीन आहेत, हेही अनुवादकाने विसरता कामा नये. इंग्रजीत कंट्रोलबरोबरचा एस मोठ्या लिपीत छापतात म्हणून शिफ्टही दाबणारे नवशिके असतात. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने मराठी वाचक निदान या एका फेऱ्यातून सुटतो.

परिभाषेचा हा प्रश्न सातारा जिल्ह्याला अपरिचित नाही. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, तेव्हा नोंदी लिहिणाऱ्या असंख्य लेखकांनी एका संकल्पनेला एकच शब्द वापरावा, ही पहिली अडचण होती. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड त्याच्याही आधी, १९७३ मध्ये निघाला होता. आधी शब्द ठरवायचे, मग लिहायचे, असा तो क्रम. संगणकाच्या पुस्तिकांत बहुधा उलट घडते. मेनूचा अनुवाद एकाने केलेला, साहाय्य-पानांचा दुसऱ्याने. मग मेनूवर ‘जतन करा’ आणि पुस्तिकेत ‘साठवा’ किंवा ‘सुरक्षित करा’. तिन्ही शब्द मराठी म्हणून निर्दोष. पण पडद्यावर नसलेला शब्द शोधत बसणाऱ्याला त्या निर्दोषतेचा उपयोग नाही.

मूळ शब्दावरच अजून एकमत नाही. काही जण ‘की’ लिहितात, काही ‘कळ’. ‘एंटर की दाबा’ हे वाक्य वाचताना ‘की’ हे अव्यय आहे की नाम, असा क्षणभर अडखळा होतो. ‘कळ’ हा शब्द दुखण्यालाही लागतो आणि भांडणालाही, हे खरे. तरी ‘कळ दाबा’ म्हटल्यावर कुणी पोट चाचपत नाही. शिवाय ‘कळफलक’ रूढ आहेच. त्यामुळे ‘कळ’ या शब्दाची बाजू अधिक भक्कम दिसते. एंटर, शिफ्ट, कंट्रोल यांना मात्र मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या खटाटोपात पडू नये. ती नावे कळांवरच छापलेली असतात.