नसांचे दुखणे : वयाची खूण की आतल्या आजाराची चाहूल?

तेरणा साखर कारखान्याचे गाव ही ढोकीची ओळख. उसाच्या फडात वा कारखान्यात आयुष्य कष्टांत गेलेल्या ज्येष्ठांचा खांदा धरला, कंबर भरून आली, तर घरात कोणाला नवल वाटत नाही. तेल चोळले जाते, शेक दिला जातो, वेदनाशामक गोळी घेतली जाते. हातापायांची आग किंवा मुंग्या यांमागे बहुधा मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वा मणक्यांची झीज असते. परंतु क्वचित हीच वेदना लपलेल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते, हे आपण ध्यानी ठेवावे.

असे प्रामुख्याने दोन प्रकारे घडते. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी वाढणारी गाठ हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब आणते. मग कळ खांद्यातून हाताच्या आतील बाजूने करंगळीपर्यंत उतरते. खोकला नसल्यास छातीकडे कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ मध्ये अशा गाठींकडे लक्ष वेधले. दुसऱ्या प्रकारात गाठ नसांपासून दूरच असते. तिच्याविरुद्ध उभी राहिलेली आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. डेनी-ब्राउन यांनी १९४८ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत ही विकृती वर्णिली. अशी बधिरता व आग कर्करोग सापडण्याच्या काही महिने आधीही सुरू होऊ शकते.

मग फरक ओळखावा कसा? वेदना नवी असून आठवड्यागणिक वाढत असेल, विश्रांतीने न शमता रात्री झोपमोड करत असेल, हाताची पकड ढिली पडत असेल, एका डोळ्याची पापणी खाली येत असेल, वजन विनाकारण घटत असेल, विडी-तंबाखूचे व्यसन वा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर केवळ गोळ्यांवर दिवस काढू नयेत. डॉक्टरांना हे सारे सांगावे आणि छातीच्या तपासणीची गरज आहे का, हे आवर्जून विचारावे. दोन्ही पायांतील बळ गेले किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कर्करोगाची शंका आल्यास शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. घरातील ज्येष्ठ "काही नाही, वयच झाले" म्हणतील. तरी त्यांची रात्रीची तळमळ आपण ऐकावी. तपासणीत काही न निघाले तर समाधानच आहे. निघाले, तर उपचारांसाठी मोलाचा वेळ हाती येतो.