उपचाराला टक्के लागत नाहीत

वस्तीत फिरताना एक वाक्य आम्हाला घरोघरी ऐकू येते. पोरगं शाळेत टिकत नाही, स्वतःला मारून घेतं, पण "ताई, टक्क्यांचा दाखला नाही, सिव्हिलमध्ये कोण घेणार?"

दाखला वेगळा, उपचार वेगळा. ४० टक्के हा आकडा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला. आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी तो लागतो. उपचाराचा हक्क मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. लहान मुलांसाठीची सेवा, घरच्यांना आधार, वस्तीपातळीवरचे पुनर्वसन, सगळे त्यात लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उपचार मोफत, मग त्याचे कार्ड हातात असो वा नसो.

अर्थात कायद्यात आहे म्हणून कोणी घरी चालत येत नाही. नुसत्या गोळ्यांवर न भागता समुपदेशन, घरच्यांना मार्गदर्शन, शाळेशी बोलणे अशी जास्तीची मदत कोणत्या मुलाला हवी, हे डॉक्टर आजाराच्या नावावरून ठरवत नाहीत. त्रास किती महिन्यांचा, फक्त घरी की शाळेतही, खाणे-झोप-अभ्यास किती बिघडले, जिवाला धोका आहे का, हे पाहतात. ओपीडीत त्यांच्याकडे वेळ थोडा. म्हणून महिनाभर वही ठेवा. "फार चिडतो" असे लिहू नका. "सोमवारी वर्गातून तीनदा पळाला, रात्री दोनपर्यंत जागा, हाताला चावला" असे लिहा. आईला लिहिता येत नसेल तर विहारात या, आम्ही लिहून देऊ. गप्प बसणाऱ्या मुलीचीही वही ठेवा. तिला सगळे गुणी म्हणतात आणि तिचा त्रास राहून जातो. शाळेत जातीवरून चिडवत असतील, वेगळे बसवत असतील, तर तेही लिहा. त्यावर गोळी नाही, शाळेला जाब विचारावा लागतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचे नाव घेऊन सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. उशिरा बोलणे, स्वमग्नता, अति चंचलपणा त्यांना दाखवा. ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. पथकाची वाट पाहायलाच हवी असे नाही, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत थेट जाता येते. भगताकडे घालवलेले सहा महिने मुलाच्या वयातून जातात, हे आम्ही जरा कडकच सांगतो.

मूल मरणाची भाषा बोलत असेल तर वही-बिही राहू द्या. त्याला एकटे सोडू नका, फिनेल आणि उंदराचे औषध घराबाहेर काढा, त्याच दिवशी सिव्हिल गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा फोन रात्रंदिवस चालू असतो. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते.